छगनलाल शेठचे अकरा पाहुणे

“जगातल्या सगळ्या हिंसेचं मूळ माणसाच्या जिभेत आहे! ज्यानं जीभ जिंकली, त्यानं जग जिंकलं!”

पर्युषणाच्या आदल्या दिवशी नवापूरच्या जैन स्थानकात छगनलाल शेठांनी ही घोषणा केली आणि पाठोपाठ एक ढेकर दिला. माइक चांगल्या प्रतीचा होता. घोषणा आणि ढेकर, दोन्ही त्यानं सारख्याच इमानदारीनं मागच्या रांगेपर्यंत पोहोचवले. उद्यापासून आठ दिवस तळलेलं बंद, म्हणून शेठांनी सकाळीच जिभेचा निरोपसमारंभ उरकला होता. समारंभाला पाच कचोऱ्या लागल्या.

शेठ गावातल्या जीवदया मंडळाचे अध्यक्ष. सात पिढ्यांत कुणी अंड्याला बोट लावलेलं नाही, हे ते नव्या माणसाला दुसऱ्याच वाक्यात सांगत. पहिल्या वाक्यात धंदा सांगत: मका आणि सोयापेंड, ठोक भावात. आता नवापूरच्या चहूबाजूंनी पोल्ट्रीच्या शेड पसरलेल्या आहेत, आणि त्यातल्या कोंबड्या काही हवा खाऊन वाढत नाहीत. बराचसा मका शेठांच्याच गोदामातून जाई. पण ही दोन वाक्यं शेठांच्या तोंडात चाळीस वर्षं शेजारीशेजारी नांदत होती आणि त्यांनी एकमेकांची कधी चौकशी केली नव्हती.

दर पर्युषणात मंडळ खाटकाकडून दोन-तीन बकरे सोडवी आणि गुजरातेतल्या एका पांजरपोळात पोहोचते करी. याला अभयदान म्हणायचं. यंदा शेठांनी नवा विचार मांडला. एक बकरा म्हणजे एक जीव. टेम्पोत तेवढ्याच जागेत अकरा कोंबड्या मावतात, म्हणजे अकरा जीव. सभेला हे एकदम पटलं. मंडळाचे चिटणीस शांतीलाल यांनी लगेच फळ्यावर ‘११’ लिहिलं आणि त्याच्याभोवती फूल काढलं.

टाळ्या थांबायच्या आत बायकांच्या बाजूनं तीजाबाई उठल्या. तीजाबाई म्हणजे शेठांची बायको. वय अडुसष्ट, साखरेच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, रक्तदाबाची एक दुपारी. गेल्या वर्षी नुसत्या तीन उपवासांत जिन्यावर चक्कर येऊन पडल्या होत्या. त्यांनी पाटावर बसलेल्या साध्वी महासतीजींना हात जोडले.

“महासतीजी, मी अठाई करीन. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. आणि एक अभिग्रह धरते. हे सोडवलेले जीव नवव्या दिवशी सकाळी मी माझ्या डोळ्यांनी जिवंत बघीन, मगच पारणं करीन. नाही दिसले तर उपवास पुढे चालू.”

अभिग्रह म्हणजे अट घालून धरलेलं व्रत. अट पुरी झाली तर घास, नाही तर नाही. शेठांचा ढेकर जिथून आला होता तिथेच परत गेला. त्यांनी बायकोकडे डोळे मोठे करून बघितलं, पण बायको महासतीजींकडे बघत होती आणि दीडशे माणसं बायकोकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी उदेसिंग खाटकाच्या दुकानातून अकरा पांढऱ्या कोंबड्या वाजतगाजत आल्या. आपल्याकडे ज्यांना बॉयलर म्हणतात त्या. फोटो निघाले, ग्रुपवर गेले, खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मग शांतीलालनं पांजरपोळाला फोन लावला.

“गाय, म्हैस, बकरा, कबूतर,” तिकडचा माणूस म्हणाला. “कोंबडी आमच्या यादीत नाही.”

“अहो, जीव तो जीव!”

“जीव आहे, कबूल. पण यादीत नाही.”

तेव्हा अकराच्या अकरा शेठांच्या गोदामात, मक्याच्या थप्प्यांमधल्या मोकळ्या जागेत उतरल्या. वरच्या मजल्यावर तीजाबाईंच्या खोलीची मागची खिडकी गोदामाच्या अंगणावर उघडते. तीजाबाई संध्याकाळी खिडकीत बसल्या आणि एकदा खाली डोकावल्या. तेव्हापासून शेठांनी कोंबड्या मोजायला सुरुवात केली, ती आठ दिवस थांबली नाही.

आता मारवाड्याच्या घरी पाहुणा आला की काय होतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. पाहुण्यानं नको म्हटलं की एक वाढायचं. पुरे म्हटलं की दोन वाढायचं. ताटावर आडवा हात धरला तर हाताच्या बाजूनं वाढायचं. याला मनवार म्हणतात, आणि छगनलाल शेठांची मनवार थेट शहाद्यापर्यंत प्रसिद्ध होती. त्यांच्या घरून जेवून गेलेला व्याही दोन दिवस डाव्या कुशीवर झोपला होता.

कोंबड्या नको म्हणत नसत. शेठ सकाळी मका भरडून घालत, दुपारी सोयापेंड कालवून, संध्याकाळी गुळाचा खडा फोडून. “खा बाई, खा. तुझ्यावर एक जीव अवलंबून आहे,” असं प्रत्येकीला वेगळं सांगत. कोंबड्या खात, दोन पावलं चालत आणि बसत. बसलेल्या जागी परत खात. तिसऱ्या दिवशी त्या उठेनाशाच झाल्या. शेठांना वाटलं, तृप्त आहेत. जेवण झाल्यावर ते स्वतःही असेच बसत.

वर तीजाबाईंचं वेगळं चाललं होतं. सून जिनल दर चार तासांनी त्यांच्या बोटाला सुई टोचून साखर बघे आणि आकडा मोठ्यानं सांगे. तिसऱ्या दिवशी शंभर. चौथ्या दिवशी ब्याण्णव. शेठ जिन्याच्या तळाशी उभे राहून आकडा ऐकत, गोदामात जात, कोंबड्या मोजत, परत जिन्यापाशी येत. अकरा आणि ब्याण्णव. अकरा आणि शहाऐंशी. दोन्ही आकडे मोबाईलवर टिपून ठेवत; काय बघताय म्हणून कुणी विचारलं तर म्हणत, “भाव बघतोय.”

पाचव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला, पाऊस आठवडाभर गायब आणि पत्रा तापलेला, अशा वेळी एक कोंबडी ताटलीपासून उठली. शेठांना कौतुक वाटलं. तिनं एकदा पंख फडफडवले, मान मागे टाकली, पाठीवर पडली आणि पाय वर करून संपली. सगळं मिळून जेमतेम अर्धं मिनिट. शेठ हातात गुळाचा खडा धरून बघत राहिले.

तेवढ्यात योहान गोण्या न्यायला आला. योहान गावीत, डोंगराकडच्या गावचा, पंधरा वर्षं पोल्ट्रीच्या शेडमध्ये रोजंदारीला. शेडमालकाच्या टेम्पोबरोबर आठवड्यातून दोनदा खाद्य न्यायला येई, शेठांशी चार शब्द बोले. त्यानं मेलेली कोंबडी पायानं उलटी केली, मग वाकून पोटावरून हात फिरवला.

“शेठ, काय घालत होता हिला?”

“सगळं! मका, पेंड, गूळ. एक नंबर माल. काही कमी केलं नाही.”

“तेच तर.” योहाननं मान हलवली. “हार्ट गेलं हिचं.”

“कोंबडीला हार्ट अटॅक?”

“हिचं वय किती धरलं तुम्ही?”

“असेल की एखादं वर्ष.”

“चाळीस दिवस.”

शेठांनी कोंबडीकडे बघितलं. चांगली दोन-अडीच किलोंची बाई होती.

“चाळीस दिवसांत एवढी व्हावी म्हणूनच बनवलीय ती,” योहान म्हणाला. “एक्केचाळिसाव्या दिवशी काय करायचं, ते तिला कुणी शिकवलेलं नाही. छाती वाढत जाते, पाय तेवढेच राहतात. शेडमध्ये गाडी येते, घेऊन जाते, म्हणून दिसत नाही कुणाला. तुम्ही गाडी येऊ दिली नाही, आणि वर तेच खाद्य चालू ठेवलं.”

“मग आता काय करू?”

“उपास करवा.”

“कुणाला?”

“ह्यांना. सकाळी मूठभर, संध्याकाळी मूठभर, दुपारी दाणा बंद. गोणपाट भिजवून टांगा, पंखा लावा, खाली भाताचं तूस पसरा. तरी खात्री नाही. बाकीच्या दहांतल्या चारपाच मला काही खऱ्या वाटत नाहीत.”

शेठ मटकन मक्याच्या गोणीवर बसले. मग वरच्या खिडकीची आठवण होऊन ताडकन उठले. योहाननं मेलेली कोंबडी रिकाम्या गोणीत घातली आणि मागच्या दारानं नेली. वरून जिनलचा आवाज आला, “पप्पाजी, एक्क्याऐंशी!”

दहा आणि एक्क्याऐंशी. हे गणित काही खरं नव्हतं. सहाव्या दिवसापासून उदेसिंगचं दुकान बंद राहणार की काय अशी शेठांना शंका आली, मग आठवलं: बंद फक्त संवत्सरीला, आठव्या दिवशी. ते त्यांना नक्की ठाऊक होतं, कारण नगरपालिकेत निवेदन त्यांनीच दिलं होतं.

तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल, रुमालावर टोपी, अशा वेशात शेठ उदेसिंगच्या दुकानापुढे उभे राहिले. उदेसिंगनं सुरा पुसता पुसता मान वर केली.

“या शेठ. बंद तेरवा शे ना? आज कसं काय येणं झालं?”

वेशांतराचा निकाल लागला. शेठांनी मास्क खाली घेतला.

“एक कोंबडी पाहिजे.”

उदेसिंगचा सुरा तसाच थांबला. पण धंदा तो धंदा. “कापीसन देऊ का आखी?”

“जिवंत!”

“जिवंतच शे ती, अजून.” त्यानं पिंजऱ्यात हात घालून एक काढली.

शेठांनी ती न्याहाळली. “ही बारीक आहे. जरा भरलेली दाखव.”

“ही घ्या.”

“हिची शेपटी वेगळी दिसते. पांढरी स्वच्छ पाहिजे. आणि छाती जरा...” शेठ हातानं आकार दाखवत होते आणि शेजारी रांगेत उभी असलेली दोन गिऱ्हाइकं मोठ्या आदरानं बघत होती. एवढं पारखून घेणारा माणूस म्हणजे जुना खाणारा, असा त्यांचा समज झाला. एकानं तर विचारलंही, “काका, रस्सा की सुकं?”

नेमका तेव्हा शांतीलालची स्कूटर वळणावर दिसली. शेठांनी गर्रकन वळून भिंतीकडे तोंड केलं आणि तिथलं मोबाईल दुरुस्तीचं पोस्टर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. कोंबडी त्यांच्या काखेत होती आणि तिचं काळीज त्यांच्या बरगडीवर टकटक करत होतं. पुष्कळ वेळानं शेठांच्या लक्षात आलं की टकटक दोन्ही बाजूंनी चालली आहे.

सहावा आणि सातवा दिवस उपासाचे गेले. वर तीजाबाई, खाली अकरा कोंबड्या, मिळून बारा जण व्रतस्थ. शेठांचं फक्त एकासणं होतं, म्हणजे दिवसातून एकदाच बसून जेवायचं. ते एकदा बसले की लवकर उठत नसत. पण या दोन दिवसांत त्यांनाही घास उतरेना. गोदामात पाऊल टाकलं की अकरा माना वर होत आणि रिकाम्या ताटलीत चोच आपटत. जन्मात ज्यांनी पाहुण्याच्या ताटात वाटी रिकामी ठेवली नाही, ते छगनलाल शेठ मक्याच्या पाचशे गोण्यांमध्ये उभे राहून म्हणत, “नाही मिळायचं. तुझ्याच भल्यासाठी आहे.” आणि उभ्या पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवत. दोघींना उभंही राहता येत नव्हतं. त्यांना शेठ वाटीनं पाणी पाजत. एकीनं पाणी पिताना त्यांच्या अंगठ्यावर चोच टेकवली आणि तशीच ठेवली. शेठांनी अंगठा पाऊण तास हलवला नाही. फोन वाजून बंद झाला तरी नाही.

“पप्पाजी, एकाहत्तर!”

“डॉक्टरांना विचार!”

“विचारलं! ते म्हणतात, सोडायला सांगा!”

“मग सांग की!”

“मम्मीजी मान हलवतात नुसत्या!”

आठवा दिवस संवत्सरीचा. शेठांचा स्वतःचाही कडक उपवास. सकाळी अकराला, जिच्या चोचीखाली अंगठा धरला होता, ती गेली. आवाज न करता, तुसावर मान टेकवून. शेठांना ती झोपल्यासारखी वाटली, म्हणून त्यांनी तिच्या अंगावरची माशी हाकलली. माशी परत बसली तेव्हा कळलं.

गावातली सगळी मटणाची दुकानं कुलूपबंद होती. शेठांच्या निवेदनावर नगरपालिकेनं तत्परतेनं आदेश काढला होता आणि त्याची प्रत उदेसिंगच्या शटरवर चिकटवलेली होती. खाली ‘निवेदनकर्ते’ म्हणून शेठांचं पूर्ण नाव होतं. शेठांनी ते शटर तीनदा वाजवलं, मग स्वतःचंच नाव वाचत उभे राहिले.

शेवटी योहानला फोन.

“पांढरी नाही मिळायची शेठ. शेडमधून आज एकही बाहेर नाही, मालक गावाला गेलेत. माझ्या घरी आहे एक. पण गावठी.”

“चालेल! काहीही चालेल!”

“रंगीत आहे.”

“बघू!”

योहानच्या मोटरसायकलवर मागे बसून शेठ डोंगराकडे निघाले. पोटात काही नाही, डोक्यावर ऊन, आणि खिशातला फोन कधी वाजेल याचा धसका. वाटेत एका पडीक शेतापाशी योहाननं गाडी हळू केली.

“बर्ड फ्लूच्या साली इथं कोंबड्या पुरल्या. मी होतो पांढरा ड्रेस घालून पिशव्या टाकायला. आठवडाभर मला जेवण गेलं नाही.”

“मलाही,” शेठ म्हणाले. ते खरं होतं. त्या साली महिनाभर शेठांना घास गोड लागला नव्हता. गिऱ्हाईक तुटलं होतं आणि गोदामातल्या मक्याला कीड लागली होती. पण आता, मोटरसायकलवर, त्यांनी पुष्कळ आठवून बघितलं आणि तेव्हा कोंबड्यांसाठी वाईट वाटल्याचं त्यांना कुठेच सापडलं नाही.

योहानचं घर उतारावर, कुडाच्या भिंतींचं. अंगणात सात-आठ कोंबड्या आपापल्या कामात होत्या. एक माती उकरत होती, एक कुत्र्याला दटावत होती. चुलीपाशी योहानची बायको प्रिस्किला तांदळाच्या भाकरी थापत होती. तो वास शेठांना उपवासात सहन होईना, म्हणून ते आंब्याखाली जाऊन उभे राहिले. वर फांदीवर एक तांबडा कोंबडा बसून त्यांना वरून खालपर्यंत बघत होता.

“हा झाडावर काय करतो?”

“राहतो,” योहान म्हणाला.

“आणि मग?”

“मग नाताळाला पाहुणे येतात.”

शेठांनी कानावर हात ठेवले. “शिव शिव! आपल्या अंगणात वाढवलेला, रोज समोर दिसणारा जीव! हात कसा धजतो रे?”

“धजत नाही. प्रिस्किला तर त्या दिवशी घरात जाऊन बसते.” योहान कोंबड्याकडे बघत होता. “पण हा दोन वर्षं पळाला शेठ. भांडला, झाडावर झोपला, मुंगसापासून दोनदा वाचला. तुमच्या त्या पांढऱ्या एक दिवस तरी पळाल्या का? आम्ही वर्षाला चार खातो. तुम्ही एकही खात नाही, पण तुमच्या मक्यावर रोज किती वाढतात, ते तुम्ही कधी बघायला आला का?”

“मी फक्त मका विकतो.”

“मी पण फक्त झाडू मारतो,” योहान म्हणाला, आणि झाडावर चढला.

कोंबडा खाली आला तशी प्रिस्किला हात झटकत पुढे आली. “शेठ, शेठाणीबाईंसाठी देते. पण उसना. नाताळाच्या आधी परत पाहिजे. आणि जास्त खायला घालू नका, सवय बिघडते.”

अशा रीतीनं संवत्सरीच्या दिवशी, जीवदया मंडळाचे अध्यक्ष, कापायला परत देण्याच्या बोलीवर एक कोंबडा उसना घेऊन आले. वाटेत त्यानं शेठांच्या धोतरावर आपलं मत नोंदवलं. संध्याकाळी स्थानकात प्रतिक्रमण झालं. चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या यच्चयावत जीवांची सगळ्यांनी क्षमा मागितली. शेठांनीही मागितली. पण एरवी ते या ओळी झरझर म्हणून टाकत. यंदा त्यांची गाडी ‘पंखवाल्यां’पाशी अडली आणि शेजाऱ्याला कोपर मारून त्यांना पुढे ढकलावं लागलं.

नववा दिवस उजाडायच्या आधीच कोंबड्यानं अख्खी गल्ली उठवली.

सूर्य वर आला. जिनल सासूला हाताला धरून एकेक पायरी खाली आणत होती. तीजाबाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा, ओठ सुकलेले. जिनलच्या दुसऱ्या हातात झाकलेली वाटी होती. जाताना ती शेठांच्या कानाशी कुजबुजली, “एकसष्ट.” गोदामात खुर्ची मांडलेली होती. शांतीलाल मोबाईल रोखून उभा होता, कारण असा प्रसंग ग्रुपवर गेलाच पाहिजे. योहान दाराशी उभा होता.

तुसावर दहा पांढऱ्या कोंबड्या बसलेल्या. आणि मक्याच्या सगळ्यात उंच थप्पीवर, तांबडाभडक, मान ताठ करून, अकरावा.

“शेठ,” शांतीलालनं मोबाईल खाली घेतला, “हा लाल कसा झाला?”

“चांगलं खाणंपिणं मिळालं,” शेठ म्हणाले. “रंग उघडतो.”

योहाननं पत्र्याकडे बघितलं. कोंबडा आरवला. तीजाबाई नवऱ्याकडे बघत होत्या.

शेठांनी मनात हिशेब मांडला. एक शब्द आणखी खोटं बोललं की बायको जेवेल. पण मग तिचं आठ दिवसांचं व्रत, तिनं जिवावर उदार होऊन केलेलं, आपल्या थापेवर मोडेल आणि तिला कळणारही नाही. खरं बोललं तर उपवास पुढे चालू, आणि आकडा एकसष्ट. उद्या किती? शेठांनी आयुष्यात भावात फसवलं नव्हतं, मापात फसवलं नव्हतं. इथं काय करायचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते खाली तुसावर, कोंबड्यांच्या मधोमध बसले.

“दोन मेल्या,” ते म्हणाले. “एक पाचव्या दिवशी, एक काल. एक मी उदेसिंगकडून बदलून आणली. हा लाल योहानच्या घरचा, उसना. नाताळाला परत द्यायचा, आणि तिथं त्याला पाहुण्यांबरोबर... म्हणजे पाहुण्यांना...”

“खाणार,” योहाननं मदत केली.

“खाणार. आणि त्या दोघी काही रोगानं नाही गेल्या. एक तर मी मनवार करून मारली. आपल्याच मक्यानं. चाळीस वर्षं तोच मका विकला, आणि तो कुणाच्या पोटात जातो, तिचं पुढे काय होतं, हे मी एकदाही जाऊन बघितलं नाही. आता तू पारणं करणार नाही म्हणालीस तरी मला काही बोलायला तोंड नाही.”

जिनलनं वाटीवरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं.

“मला माहीत होतं,” तीजाबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की सगळे पुढे झुकले. “पाचव्या दिवशी खिडकीतून दिसलं. योहान गोणी घेऊन चालला होता आणि तुम्ही गोणीला हात जोडून उभे होता. गोणीला हात जोडताना तुम्हाला मी पहिल्यांदाच बघितलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“ताकद कुठे होती बोलायला?”

“मम्मीजी, मग आता अभिग्रह?” जिनल रडायच्या बेतात होती. “अकरा तर नाहीत!”

“अकरा यांचे. फळ्यावर लिहिले ते. मी सोडवलेले जीव म्हटलं होतं, मला आकड्याशी काय करायचं?” तीजाबाईंनी एकेका पांढऱ्या कोंबडीवर सावकाश नजर फिरवली. एक उठायला गेली आणि परत बसली. “पण सोडवले म्हणायचं का यांना? योहान, तू सांग रे. जगतील का या?”

योहाननं डोकं खाजवलं. शेठ त्याच्याकडे देवाकडे बघावं तसे बघत होते. पण योहानला खोटं बोलायची सवय नव्हती.

“काही जगतील महिना, दोन महिने. कमी खायला घातलं, ऊन लागू दिलं नाही तर एखादी जास्तही. पूर्ण वाचणार नाहीत, शेठाणीबाई. बनवलंच तसं आहे त्यांना.”

तीजाबाईंनी डोळे मिटले. जिनलनं त्यांची नाडी धरली. मग तीजाबाईंनी डोळे उघडले.

“आज जिवंत आहेत. बघितल्या. मी एवढंच धरलं होतं.” त्यांनी वाटीसाठी हात पुढे केला. “सोडवल्या की नाही, ते आता तुमचं तुम्ही बघा.”

शेठांच्या घशातून हुंदका फुटला. पण छगनलाल शेठांच्या छातीत हुंदका फार वेळ एकटा राहत नाही. त्याच्यामागून भाषण आलंच. ते तुसातून उठले, पंख्याला पाठ देऊन थप्पीपाशी उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. शांतीलालनं घाईघाईनं मोबाईल परत रोखला.

“आजपासून! या अकरा जीवांच्या साक्षीनं! या गोदामातला एक दाणा, एक दाणासुद्धा...”

“मग सोमवारच्या गोण्या?” योहाननं दारातून विचारलं. “मालकाला काय सांगू? आणि शेड बंद झाली तर मी झाडू कुठे मारू?”

शेठांचे हात वरच राहिले. याचा त्यांनी विचार केला नव्हता. त्यांनी योहानकडे बघितलं, गोण्यांकडे बघितलं, कोंबड्यांकडे बघितलं. पण हात वर होते, मोबाईल चालू होता, आणि वाक्य अर्धं झालेलं होतं.

“एक दाणासुद्धा,” त्यांनी आवाज चढवला, “हिंसेच्या मार्गावर, या छगनलालच्या जिवात जीव असेपर्यंत...”

“अहो,” तीजाबाई ओठाला वाटी लावून म्हणाल्या, “बोलायचंय ते बोला. पण तेवढा पंखा एकवर करा आधी. मुगाचं पाणी गार होतंय.”